नवी तबकडी

नवी ध्वनिमुद्रिका विकत घेणे आणि नवी ध्वनिमुद्रिका ऐकणे हे दोन वेगळे आनंद आहेत, आणि पहिला दुसऱ्याहून तसूभरही उणा नाही, हे आजच्या मुलांना पटवून देणे आम्हांस कठीण जाते. त्यांना गाणे मागितल्याबरोबर मिळते. आम्हांस ते आणावे लागे. ठाकूरद्वार नाक्याजवळच्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षाकाठी एक, फार तर दोन तबकड्या येत. त्यामुळे कोणती तबकडी कोणत्या वर्षी आली, त्या वर्षी घरात कोण आजारी होते, कोणाचे पहिले कम्युनियन झाले, हे आम्हां भावंडांना आजही न अडखळता सांगता येते.

या तबकड्या भावगीतांच्या नव्हत्या, नाट्यगीतांच्याही नव्हत्या. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी मुद्रित झालेल्या 'कंट्री' संगीताच्या त्या तबकड्या होत्या. जिम रीव्हज, चार्ली प्राइड, जॉनी कॅश, डॉली पार्टन; पुढे केनी रॉजर्स आणि डॉन विल्यम्स. मराठी शाळेत शिकणारी, घरी मराठी बोलणारी आणि रविवारी भल्या सकाळी मराठी मिस्सेला जाणारी आम्ही मुले या नावांवर वाढलो. यात आम्हांस कधी विसंगती वाटली नाही. पाहुण्यांस मात्र वाटे.

'कंट्री' म्हणजे गावाकडचे. ठाकूरद्वारच्या गजबजाटात उभे राहून गावाची गोष्ट करावी हे कोणास विचित्र वाटेल. पण आमच्या आसपासच्या गल्ल्यांची नावे जरा मोठ्याने उच्चारून पाहावीत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट. हा सारा मुलूख एके काळी वाड्यांचा आणि भाटांचा होता. झाडे गेली, त्यांची नावे राहिली. पलीकडे गिरगावच्या सेंट तेरेजा चर्चजवळ खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत यांच्या त्या जागेत ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी जिन्यांची आणि ओसऱ्यांची घरे बांधली. त्या ओसऱ्यांवर लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याची गाणी होत आणि घुमट वाजे. आमची आजी ती गाणी म्हणे. तिच्या गाण्यांत सासर होते, आईची आठवण होती, थोडी दारू होती, पुष्कळ रडणे होते आणि शेवटी देवाचे नाव होते. नॅशव्हिलच्या गाण्यांतही नेमके हेच सामान असते, फक्त त्यात आगगाडी जास्त.

त्या गाण्यांचा जन्मही असाच घरगुती. १९२७ सालच्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन टेनेसीच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी उतरले आणि आसपासच्या डोंगरांतल्या गाणाऱ्यांना त्यांनी बोलावून घेतले. त्यांत कार्टर कुटुंब होते: ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि सारा यांची नात्यातली बहीण मेबेल, जी त्या वेळी गरोदर होती. उपासनेत आणि घरच्या बैठकीत गायची गाणीच ही माणसे यंत्रासमोर गायली. नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरील जलसा १९२५ पासून चालू आहे; १९४३ ते १९७४ या काळात तो ज्या रायमन सभागृहात होई, ते १८९२ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधले गेले होते. श्रोते चर्चमधल्यासारख्या लाकडी बाकांवर बसून गाणी ऐकत. हे आम्हांस फार पुढे कळले. पण त्या आवाजांत देवळाच्या बाकांचा काही गुण आहे, असे आमचे वडील पूर्वीपासून म्हणत.

ही गाणी ठाकूरद्वारला पोहोचली कशी? एक वाट रेडिओ सिलोनची. दुसरी बोटीची. धोबीतलाव, सोनापूर, चिराबाजार या भागांत गोव्याच्या दर्यावर्दींचे कूड होते. एका गावची माणसे एका कुडात उतरत, भिंतीशी पेट्या रचलेल्या असत आणि संध्याकाळी सर्वांचा मिळून तेर्स होई. परदेशी बंदरांवरून परतणारा तारवटी साबण, ब्लेड, चॉकलेट यांच्याबरोबर एखादी तबकडीही आणी. आमचे मामा तारवटी होते, त्यामुळे ही वाट आमच्या घरापर्यंत येत होती. तिसरी वाट मात्र अगदी स्वदेशी. जिम रीव्हज ज्या आरसीए कंपनीसाठी गात, तिच्या तबकड्या कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनी छापत असे. टेक्सासचा गाणारा, नॅशव्हिलचे वाद्यवृंद, बंगालातला कारखाना आणि ऐकणारे आम्ही गिरगावकर! विश्वव्यापी ख्रिस्तसभा म्हणतात ती थोडीफार अशीच असावी.

वडील लालबागच्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणीचा बोनस दिवाळीत मिळे. त्यामुळे आमची नाताळची तबकडी दिवाळीच्या पैशांतून येई, आणि शेजारी कंदील लागलेले असताना आमची खरेदीची मसलत सुरू होई. एका एल.पी.च्या किमतीत घरी आठवडाभराची मासळी आली असती. आई हा हिशेब दर वर्षी एकदा, पण एकदाच, बोलून दाखवी. मग गप्प बसे.

खरेदीला शनिवारी दुपारी जायचे, आणि चालत. चिराबाजार, धोबीतलाव, मेट्रो सिनेमा, मग डावीकडे आझाद मैदान ठेवून हुतात्मा चौक आणि तेथून काळा घोडा. आज या वाटेच्या पहिल्या टप्प्याखालून भुयारी मेट्रो धावते. २०२५ च्या ऑक्टोबरात ती सुरू झाली तेव्हा आम्ही हौसेने बसून आलो. काही मिनिटांत प्रवास संपला. आम्ही मुले असताना या वाटेला पाऊण तास लागे आणि त्या पाऊण तासात तीनदा निवड बदले. धोबीतलावापर्यंत जॉनी कॅश ठरलेला असे, मेट्रोपाशी धाकटी बहीण डॉली पार्टनसाठी रडू लागे, हुतात्मा चौकाशी आल्यावर वडील म्हणत, "आधी काय आलंय ते तर पाहू."

काळ्या घोड्याचे 'ऱ्हिदम हाऊस' हे आमचे तीर्थस्थान. तेथे काचेच्या छोट्या खोल्या होत्या. निवडलेली तबकडी त्या खोलीत बसून आधी ऐकता येई. एका खोलीत वडील आणि आम्ही भावंडे दाटीवाटीने उभे राहत असू. बाहेर सुटाबुटातील माणसे मोझार्ट मागत, कोणी हिंदुस्थानी संगीताच्या रकान्यात बोटे चाळवत असे; आणि काचेच्या आत आम्ही, चपला घातलेले, खिशातले पैसे पुनःपुन्हा चाचपणारे. वडिलांचा एक नियम होता. तबकडीचे पहिले गाणे अर्धे आणि शेवटचे अर्धे, एवढेच दुकानात ऐकायचे. "सगळं इथंच ऐकलं तर घरी काय न्यायचं?" असे ते म्हणत. विक्रेत्यांना या गिऱ्हाइकाची गंमत वाटे. घरी नेताना तबकडी कोणी धरायची याच्या पाळ्या लावलेल्या असत. ती उन्हात धरायची नाही, वाकवायची नाही, आणि चिराबाजारात मासळीवाल्यांच्या पाट्यांपासून लांब ठेवायची. हा शेवटचा नियम आईचा.

घरी आल्यावर लगेच ऐकायची, असेही नव्हते. आधी दिवेलागण, मग तेर्स. त्या दिवशीच्या तेर्साला आमचे लक्ष कुठे असे हे देवास ठाऊक. पण पन्नास नमो मरीया पूर्ण झाल्याशिवाय कव्हरला हात नसे. मग एचएमव्हीचा छोटा रेकॉर्ड प्लेअर टेबलावर येई. झाकणातच त्याचा स्पीकर होता. वडील धुतलेल्या हातांनी तबकडी कडांवर तोलून बाहेर काढीत. नव्या तबकडीला एक वास असतो, आणि दिव्याखाली धरली की तिच्यावर पाण्यासारखी चकाकी फिरते. सुई टेकल्यानंतर पहिला सूर येईपर्यंत जी खरखर ऐकू येई, ती आम्हांस आजही कोणत्याही वाद्याहून प्रिय आहे. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. बाजू बदलताना आई चहा ठेवी. दुसरी बाजू चहाबरोबर.

प्रायश्चित्तकाळात मात्र प्लेअरवर कापड पडे. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत चाळीस दिवस एकही तबकडी वाजत नसे. एका वर्षी मामांची बोट नेमकी त्याच दिवसांत लागली आणि त्यांनी आणलेली नवी कोरी तबकडी महिनाभर कपाटावर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली उभी राहिली. कव्हरवरची गाण्यांची नावे आम्हांस पाठ झाली होती. प्रत्येक गाणे कसे असेल याचे आडाखे आम्ही रात्री अंथरुणात बांधीत असू. ईस्टरच्या दुपारी प्रत्यक्ष गाणी ऐकली तेव्हा त्यांतली दोन-तीन आमच्या कल्पनेतल्या गाण्यांहून फिकी निघाली.

कव्हरांचा आणखी एक उपयोग झाला. आमचे शिक्षण मराठीत. चर्चच्या आवारात इंग्रजी शाळांतली मुले आपसांत फाडफाड बोलत आणि आम्ही भिंतीला टेकून उभे राहत असू. इंग्रजी ही आपल्याच देवळातली परकी भाषा आहे, असे तेव्हा वाटे. जिम रीव्हज यांनी ती भीती घालवली. ते प्रत्येक शब्द सावकाश, सुटा, स्वच्छ उच्चारीत. जणू समोर मराठी शाळेतली मुले बसली आहेत हे त्यांना कोणी सांगितले असावे. शब्द वहीत उतरवायचे, कव्हरच्या पाठीवरील मजकुराशी ताडायचे, उरलेले शब्दकोशात पाहायचे. आमच्यापैकी एकाला पुढे बँकेच्या मुलाखतीत कोठून शिकलात असे विचारले गेले, तेव्हा त्याने खरे उत्तर दिले आणि साहेब हसले. नोकरी मिळाली.

जिम रीव्हज यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवी तबकडी म्हणजे काय हा प्रश्न आमच्या घरात त्यांच्यामुळेच उपस्थित झाला. ते १९२३ साली टेक्सासमध्ये जन्मले. आधी बेसबॉल, मग रेडिओवरील निवेदन, मग गाणे. सुरुवातीला ते इतरांसारखेच उंच, मोकळ्या आवाजात गात. १९५७ च्या सुमारास त्यांनी आवाज खाली आणला आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून गाण्यास प्रारंभ केला. चेट अॅटकिन्स हे त्यांचे निर्माते. त्यांनी फिडल बाजूला सारले, पियानो आणि मंद स्वरातला गायकवृंद पाठीशी ठेवला. हाच पुढे 'नॅशव्हिल साउंड' म्हणून ओळखला गेला. हा आवाज कानात बोलल्यासारखा येतो. चाळीत हा मोठाच गुण, कारण शेजारी न उठवता तो रात्री लावता येई.

३१ जुलै १९६४ रोजी आपले छोटे विमान स्वतः चालवीत असताना नॅशव्हिलजवळ वादळी पावसात सापडून जिम रीव्हज मरण पावले. वय अवघे चाळीस. म्हणजे आम्ही त्यांची पहिली तबकडी ऐकली तेव्हा त्यांना जाऊन कैक वर्षे झाली होती. पण त्यांच्या नव्या तबकड्या येतच राहिल्या! त्यांनी पुष्कळ गाणी मुद्रित करून ठेवली होती. त्यांच्या पत्नी मेरी यांनी आणि कंपनीने ती एकेक करून बाहेर काढली. 'डिस्टंट ड्रम्स' हे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते १९६६ च्या सप्टेंबरात, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

आजीला हे समजत नसे. ती आमच्याकडून गाण्यांचा अर्थ विचारून घेई आणि रीव्हजना 'तो हळू बोलणारा' म्हणे. एका वर्षी मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरात, तिने वडिलांना विचारले, "मेलेला माणूस नवी गाणी कुठून आणतो रे?" वडिलांनी तिला यंत्र, फीत, कंपनी सारे समजावले. तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "म्हणजे अजून त्याचं काम संपलेलं नाही," आणि त्या रात्रीपासून तेर्सानंतरच्या मृतांच्या नामावळीत, आमच्या आजोबांच्या आणि दोन मावश्यांच्या पाठोपाठ, 'जिम' हे नाव आले. धर्मशास्त्रात हे कितपत बसते हे फादरांनी ठरवावे. आमच्या घरी ते अजून घेतले जाते.

१९८१ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट झाली. पॅट्सी क्लाइन ही कंट्रीतली थोर गायिका. तीही १९६३ च्या मार्चमध्ये विमान अपघातातच गेली होती. या दोघांनी जिवंतपणी एकत्र गाणे कधी मुद्रित केले नव्हते. नॅशव्हिलच्या तंत्रज्ञांनी दोघांचे जुने आवाज वाद्यांपासून सोडवून घेतले, सूर-ताल जुळवले आणि एक युगुलगीत तयार केले. मामांनी ती तबकडी काही वर्षांनी आणून दिली. तोवर आजी गेली होती. एकमेकांबरोबर कधी गाणे मुद्रित न केलेले ते दोन मृत गायक एकमेकांसाठी जागा सोडत, एकमेकांना सांभाळत गात होते. संतांचा समागम हा शब्द आम्ही श्रद्धेच्या अंगीकारात दर रविवारी म्हणतो. तो ऐकू येतो तेव्हा आम्हांस, खरे सांगावयाचे तर, ती तबकडी आठवते.

चार्ली प्राइड यांची गोष्ट वेगळी. त्यांचा आवाज आम्ही आधी ऐकला होता, चेहरा पाहिला नव्हता. काळ्या घोड्याला एका शनिवारी वडिलांनी तबकडी हातात घेतली आणि ते कव्हराकडे पाहतच राहिले. प्राइड कृष्णवर्णीय होते. मिसिसिपी राज्यात वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेले, लहानपणी शेतात कापूस वेचलेले. १९६६ मध्ये त्यांच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांकडे पाठवताना कंपनीने छायाचित्र मुद्दाम पाठवले नव्हते. आधी आवाज ऐका, मग माणूस पाहा, असा तो हिशेब. १९७१ मध्ये तेच प्राइड कंट्री संगीत संघटनेचे वर्षातले सर्वश्रेष्ठ कलावंत ठरले. ही सारी हकिकत आम्हांस नंतर वाचायला मिळाली. त्या दिवशी वडिलांना एवढेच दिसले की हा माणूस आपल्यासारखा सावळा आहे आणि कोट घालून हसतो आहे. त्या शनिवारी अर्धे गाणे ऐकण्याचा नियमसुद्धा पाळला गेला नाही. न ऐकताच तबकडी घेतली. पुढे कापसाची गोष्ट कळली तेव्हा ते म्हणाले, "तो वेचणार, आम्ही विणणार." गिरणीतल्या मित्रांनाही त्यांनी ती सांगितली असावी, कारण त्यांतले दोघे एकदा तबकडी ऐकायला घरी आले. त्यांना गाणे कळले नाही. पण चहा घेऊन, दोन्ही बाजू ऐकून गेले.

या छंदावर आक्षेप घेणारेही होते. धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की ही गाणी दारूची, घटस्फोटाची आणि तुरुंगाची आहेत. ख्रिस्ती घरात ती कशाला? दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या वेदीवर मराठी आली, मराठी भक्तिगीते आली, मग आपण घरी साहेबाची गाणी का लावायची? दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते आणि आहे. वडील स्वतः मराठी गायकवृंदात सेकंड म्हणत. मराठी गीतांच्या वह्या त्यांनी हाताने लिहून काढल्या होत्या. ते वाद घालत नसत. पहिल्या आक्षेपावर मात्र त्यांनी जॉनी कॅशचे नाव घेतले. १९६८ च्या जानेवारीत कॅश कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गायले, तेथेच तबकडी मुद्रित झाली, आणि शेवटचे गाणे तेथल्याच एका कैद्याने रचलेले होते. "बंदिवानांना भेटणं हे दयेचं कृत्य आपण मुलांना पाठ करायला लावतो," वडील म्हणाले, "हा जाऊन आला." ते गृहस्थ हसले. पुढे कधीतरी त्यांनी तीच तबकडी आठवड्याकरता मागून नेली आणि कव्हराला नवा कागद लावून परत केली.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीस मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना जाईल, दोन महिने जातील, असे सर्वांस वाटले. पावसाळा आला, गेला. वडिलांनी आधी घड्याळ विकले, मग आजीची सोन्याची कुडी गहाण पडली, आणि सप्टेंबरात एका सकाळी प्लेअर कापडात गुंडाळून ते चोरबाजारात घेऊन गेले. तबकड्या नेल्या नाहीत. त्यांना चांगला भाव आला असता, आईने विचारलेही. ते काही बोलले नाहीत. गायकवृंदातही जाईनासे झाले. पायांत चांगले बूट नाहीत हे त्यांनी दिलेले कारण. घरात बोलणे जवळजवळ थांबले होते, आणि कपाटावर एका रांगेत मुक्या तबकड्या उभ्या होत्या.

त्या वर्षी बोनस नव्हता, म्हणून दिवाळीची मसलतही झाली नाही. आई शिवणकाम करी. आगमनकाळात तिला नाताळच्या फ्रॉकांचे काम मिळाले. रात्री उशिरापर्यंत यंत्र चाले. नाताळच्या तीन-चार दिवस आधी ती दुपारी कोठे गेली ते कोणास कळले नाही. संध्याकाळी परतली तेव्हा पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी चौकोनी पाकीट होते. जिम रीव्हज यांची नाताळची बारा गाणी, १९६३ सालची. ही तबकडी आमच्याकडे कधीच नव्हती. दर वर्षी खोताच्या वाडीतून दोन दिवसांकरता मागून आणत असू. आई त्या दुकानात आयुष्यात प्रथमच गेली होती, एकटी. विक्रेत्याने तिला काचेच्या खोलीत बसवून ऐकवतो म्हटले, तर तिने नको म्हटले. "घरचे आधी ऐकतील," असे सांगून पैसे मोजून आली.

आठवड्याची मासळी तर सोडाच, त्या महिन्यात आमच्याकडे मासळी येतच नव्हती. आणि तबकडी वाजवायला घरात यंत्रही नव्हते. वडील पाकीट हातात घेऊन बसले. ते आता रागावणार असे आम्हांस वाटले. त्यांनी कव्हर उलटले, मागची अक्षरे वाचली आणि इतकेच विचारले, "लावायची कुठं?"

समोरच्या बिऱ्हाडात कोकणातले एक ब्राह्मण कुटुंब होते. त्यांच्याकडे जुना रेडिओग्राम होता. त्यावर सकाळी भीमसेन जोशींचे अभंग लागत. नाताळच्या संध्याकाळी काकूंनीच आम्हांस बोलावले. आईने जेमतेम केलेल्या न्योऱ्यांची ताटली नेली. सगळे सतरंजीवर बसलो, काका खुर्चीत. पहिली बाजू सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला आमच्या मागून एक बारीक आवाज येऊ लागला. वडील सेकंड म्हणत होते. तोंड मिटलेले, नुसता घुमार. कोणी मागे वळून पाहिले नाही. आईने पदर सारखा केला. बाजू संपल्यावर काकूंनी, कोणी सांगितले नसतानाही, चहा ठेवला. आणि दुसरी बाजू झाल्यावर काका उठून म्हणाले, "आता आमचंही एक ऐका," आणि त्यांनी अभंग लावला. त्या रात्रीच्या मिस्सेला वडील जुन्याच बुटांनिशी गायकवृंदात उभे होते.

वडिलांची गिरणी त्यांच्यापुरती पुन्हा उघडली नाही. त्यांनी पुढे एका छापखान्यात यंत्रदुरुस्तीची नोकरी धरली आणि ती शेवटपर्यंत केली. आमच्यापैकी थोरल्याच्या पहिल्या पगारातून घरी टू-इन-वन आला आणि कॅसेटचे युग सुरू झाले. कॅसेट स्वस्त, सुटसुटीत. तिच्यामुळे केनी रॉजर्स आणि डॉन विल्यम्स घरी आले, आणि आम्ही ऋणी आहोत. पण कॅसेटच्या कव्हरवरची अक्षरे वाचायला भिंग लागे, आणि फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळावी लागे. सीडीबद्दल आम्हांस फारसे सांगण्यासारखे नाही. ती आली आणि गेली. 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. शेवटच्या दिवसांत आम्ही गेलो होतो. गर्दी होती. जी माणसे एरवी येत नसत, तीही आली होती.

आज आमची भावंडे विखुरली आहेत. एक वसईत, एक बोरिवलीला, धाकटी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. तिकडे तिने नवीन रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे. तबकड्या पुन्हा निघू लागल्या आहेत आणि तरुण मुले त्या रांगा लावून घेतात, असे ती सांगते. जुन्या तबकड्यांची वाटणी झाली तेव्हा भांडण झाले नाही. नाताळची बारा गाणी मात्र कोणी नेली नाहीत. ती ठाकूरद्वारलाच आहेत. चार्ली प्राइड १२ डिसेंबर २०२० रोजी करोनाने गेले, तेव्हा चौघांनी चार ठिकाणी बसून एकाच वेळी त्यांची तबकडी लावली. दोघांनी सुईने, दोघांनी फोनवर.

नव्या अल्बमांची ओढ मात्र सुटलेली नाही. वयाच्या या टप्प्यावर जुनेच ऐकत बसावे असे लोक सुचवतात. आम्हांस ते पटत नाही. जॉनी कॅश यांनी आपली उत्तम गाणी १९९४ नंतर, म्हातारपणी, कापऱ्या आवाजात गायली. ऐकणाऱ्याने तरी आधी का थांबावे? २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या पुतणीने उत्साहाने बातमी आणली की बियॉन्से या गायिकेचा 'काउबॉय कार्टर' नावाचा कंट्री अल्बम येतो आहे. कृष्णवर्णीय गायिकेने कंट्री गावे काय, यावर अमेरिकेत वाद चालला होता म्हणे. आम्ही तिला चार्ली प्राइडचे कव्हर दाखवले. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातचे, हेही सांगितले. पुढे त्या अल्बमला ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. पण आमची अडचण वेगळीच होती. तो निघाला २९ मार्चला, आणि त्या दिवशी गुड फ्रायडे होता.

पुतणीच्या हातातल्या फोनमध्ये सत्तावीसच्या सत्तावीस गाणी येऊन बसली होती. एक बोट लावायचा अवकाश. तिला घरचा जुना नियम ठाऊक होता, पण तो तिच्या पिढीवर लादावा असे आमच्या मनात नव्हते. आम्ही काहीच बोललो नाही. तिनेच फोन टेबलावर उपडा ठेवला आणि आमच्याबरोबर क्रूसाच्या वाटेला आली. ईस्टरच्या दुपारी जेवणे आटोपल्यावर तो अल्बम लावला. ओळीने, एकही गाणे न गाळता. मध्ये डॉली पार्टनचा बोलण्याचा आवाज आला तेव्हा मेलबर्नला फोन करून धाकटीला ऐकवावे लागले. लिंडा मार्टेल यांचाही आवाज त्यात आहे. १९६९ मध्ये ऑप्रीच्या मंचावर उभी राहिलेली ती पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका. काही गाणी आम्हांस कंट्री वाटली नाहीत. काही फारच आवडली. एका गाण्याला पुतणी उठून नाचली. तेरा गाणी झाल्यावर आम्ही तिला थांबवायला सांगितले. तिला वाटले, आम्हांस कंटाळा आला.

चहा ठेवायचा होता.